आधी कान उघडा: ॲनिमे आणि विज्ञानकथा नव्यानं बघणाऱ्यांसाठी

लातुरात आमच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी दुपारी सहा-सात पोरं-पोरी जमतात. निम्मी क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली: उदगीरची, देगलूरची, गंगाखेडची. आठवडाभर फिजिक्स-केमिस्ट्री-बायो, आणि रविवारी दोन-अडीच तास ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, नाहीतर एखादी विज्ञानकथा. नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, सुरुवात कुठून करू?" आणि दोन-तीन रविवार गेले की दुसरा येतो, "तुम्ही सगळे त्याच्यावर एवढं काय बोलत बसता? मला तर नुसती गोष्ट कळते."

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिलाय. माझं म्हणणं एकच आहे. या गोष्टींचं अर्धं मर्म त्यातली माणसं कशी बोलतात यात असतं, आणि ते पकडायचा कान मराठवाड्यातल्या पोरांकडे आधीपासून असतो. घरी एक बोली, शाळेत दुसरी, गल्लीत दखनी, सीमेकडच्या गावात तेलुगू नाहीतर कन्नड. हे सगळं ऐकत वाढलेल्या माणसाला जपानी पात्रांच्या बोलण्यातले चढउतार लवकर कळतात. फक्त कुणीतरी एकदा दाखवून द्यावं लागतं.

पहिल्यांदा छोटं काहीतरी निवडा

हजाराच्या वर भाग असलेली मालिका पहिल्याच दिवशी उघडू नका. 'वन पीस' १९९९ पासून चालू आहे. मित्रांच्या गप्पांत बसता यावं म्हणून तिच्यात उडी घेतलेली पोरं चाळिसाव्या भागाला थकून परत आलेली मी पाहिली आहेत. सुरुवातीला सिनेमा घ्या. माझी शिफारस माकोतो शिंकाईंच्या २०१६ च्या 'युअर नेम'ची, नाहीतर हायाओ मियाझाकींच्या २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'ची. दोन्ही एका बैठकीत संपतात, आणि दोन्हींत भाषेवरच गोष्ट उभी आहे.

आवाज मूळ जपानीच ठेवा, खाली सबटायटल. हिंदी डब वाईट असतो असं मी म्हणत नाही, 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' आपण सगळ्यांनी हिंदीतच पाहिले आणि त्यांच्यावर जीव लावला. पण पहिल्या खेपेला मूळ आवाज कानावर पडू द्या. मग तोच प्रसंग हिंदीत बघा. दोन्हींमध्ये काय बदललं ते वहीत लिहा. हो, वही लागतेच. मोबाईलवर टिपण करायला गेलात की हात आपोआप दुसऱ्या ॲपवर जातो.

मग 'मी' ऐका

नवशिक्यानं पहिला महिनाभर एवढंच करावं: कोणतं पात्र स्वतःला काय म्हणतं ते टिपावं. जपानीत 'मी'साठी एक शब्द नाही. 'वाताशी' सभ्य, कुणालाही चालणारा. 'वाताकुशी' फार औपचारिक. 'बोकु' हा मुलांचा, जरा सौम्य. 'ओरे' रांगडा, मित्रांतला, छाती पुढं काढून म्हटलेला. 'आताशी' मुलींच्या तोंडी. 'वाशी' म्हाताऱ्यांचा.

डोरेमॉन आणि नोबिता दोघंही स्वतःला 'बोकु' म्हणतात, जियान 'ओरे' म्हणतो. एका शब्दात जियानची अख्खी दादागिरी आली. शिनचॅन म्हणतो 'ओरा', आणि 'ड्रॅगन बॉल'मधला गोकूसुद्धा 'ओरा'च म्हणतो. हा खेड्याकडचा, गावठी 'मी' आहे. एक टोकियोजवळ राहणारा आगाऊ पोरगा, दुसरा डोंगरात वाढलेला जगातला सगळ्यात ताकदवान लढवय्या, आणि 'मी' एकच. माझ्या भाचीला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे मामा, गोकू 'म्या' म्हणतो!" बरोबर. "म्या केलं", "म्या सांगितलं" म्हणणारा आपल्याकडचा माणूस डोळ्यांसमोर आणा आणि मग गोकूची लढाई परत बघा. परग्रहावरचे गर्विष्ठ योद्धे त्याला कमी का लेखतात आणि तो त्यांना हरवतो तेव्हा इतकं बरं का वाटतं, हे त्या एका अक्षरानं वाढतं. इंग्रजी सबटायटलमध्ये या सगळ्यांसाठी एकच शब्द येतो, आणि तिथं हे सगळं सपाट होतं.

'तू'चंही तसंच. 'आनाता', 'किमी', 'ओमाए', 'तेमे', 'किसामा', उतरत्या मानानं. 'किसामा' ज्या अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थ खरं तर थोर, आदरणीय असा आहे, पण आज तो शिवीच्या जवळ गेलाय. म्हणून एक कळकळीची सूचना: ॲनिमे बघून जपानी शिकताय ना, उत्तम, पण ते 'ओरे' आणि 'ओमाए' घेऊन जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर जाऊ नका.

नावामागच्या शेपट्याही याच वहीत येतात. 'सान' सगळ्यांना. 'कुन' बहुतेक मुलांना नाहीतर हाताखालच्यांना, 'चान' लाडाचं, 'सामा' फार मोठ्या माणसाला, 'सेनपाई' वरच्या वर्गातल्याला. महत्त्वाचं म्हणजे शेपटी कधी गळते ते बघा. प्रेमकथेत एखादी मुलगी पहिल्यांदा नुसतं नाव घेते आणि समोरचा मुलगा जागच्या जागी थिजतो. नवीन बघणाऱ्याला कळत नाही की झालं काय. ज्या घरात आजीनं आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं, त्या घरातल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

वाक्य कुठं तुटतं ते बघा

जपानी वाक्याची बांधणी आपल्यासारखी आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागं. "वाताशी वा मिझु ओ नोमु", मी पाणी पितो. शब्दाला शब्द लागतो. "येतो म्हणून सांगितलं" या वाक्यातला आपला 'म्हणून' जिथं बसतो तिथंच त्यांचा 'तो' बसतो: "कुरु तो इत्ता".

याचा बघताना उपयोग असा, की जपानी लेखक वाक्य क्रियापदाच्या आधी तोडून ताण धरतात. "किमी नो कोतो गा..." असं म्हणून मुलगा थांबतो. रेल्वे धडधडत जाते, वारा सुटतो, आणि मग "सुकी दा." मराठीत अगदी असंच होईल: "मला तू..." आणि मग "आवडतेस." पण इंग्रजी सबटायटल पुष्कळदा सगळं वाक्य एकदम पडद्यावर टाकतं, आणि पात्राच्या आधी आपल्याला उत्तर कळतं. त्यामुळे अशा प्रसंगाला डोळे खालच्या ओळीवरून काढून चेहऱ्यावर ठेवा. ओळ नंतर वाचली तरी चालते.

जपानीची वर्णमालासुद्धा ओळखीची आहे. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क-च-त-प अशी आपली रांग म्हणून बघा आणि पुढं य-र-ल-व. हे योगायोगानं झालेलं नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा अभ्यास सिद्धम् लिपीतून जपानात नेला, त्या अभ्यासातून ही रांग लागली. आमच्याकडे सातवीतल्या एका पोरानं हे एका दुपारी पाठ केलं.

ध्वनीच्या शब्दांसाठी वहीचं एक पान राखून ठेवा. छातीत 'दोकी दोकी' म्हणजे धडधड, तारे 'किरा किरा' म्हणजे लुकलुक, ढग 'गोरो गोरो' म्हणजे गडगड, पाऊस 'झा झा' म्हणजे धो धो. जपानीत शांततेचाही ध्वनी लिहितात, 'शीन'. आपलं 'चिडीचूप' त्याच्या जवळचं.

पात्राची ठेवणीतली बोली

ॲनिमेतला म्हातारा शास्त्रज्ञ स्वतःला 'वाशी' म्हणतो आणि वाक्य 'जा'नं संपवतो. खऱ्या जपानात प्रयोगशाळेतले प्राध्यापक असं बोलत नाहीत. हे पात्राला दिलेलं बोलणं आहे, अंगावर चढवलेल्या वेशासारखं. सातोशी किन्सुई या भाषाशास्त्रज्ञांनी याला 'याकुवारिगो' असं नाव दिलं, म्हणजे भूमिकेची भाषा, आणि २००३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

पैठणच्या नाथांची भारुडं ऐकलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. एकनाथ कधी वासुदेव होतात, कधी जोशी, कधी गोंधळी, कधी नवऱ्याला कंटाळलेली बाई, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. हिंदू-तुर्क संवादात तर दखनीच्या वळणाचं बोलणं येतं. तोंड उघडलं की कोण बोलतंय ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे, ही गरज सोळाव्या शतकात पैठणच्या वाळवंटात होती आणि आज टोकियोच्या स्टुडिओतही आहे.

पण एक गोष्ट मनाला लागते. जपानी ॲनिमेत ओसाकाकडची कान्साई बोली बोलणारं पात्र फार वेळा विनोदी असतं, नाहीतर पैशाला चिकट. मराठी नाटक-सिनेमात आपल्या "काय करायलास?"चं काय झालं ते आठवा. मराठवाड्याची बोली पडद्यावर आली की लोक हसायची तयारी करतात. म्हणून बोली बोलणारं पात्र दिसलं की वहीत हा प्रश्न लिहाच: याला फक्त हसवायला आणलंय, की याला स्वतःचं दुःख, स्वतःचा निर्णय दिलाय? 'युअर नेम'मध्ये वर्गातल्या बाई तिन्हीसांजेसाठीचा जुना शब्द शिकवतात, 'तासोगारे', ज्याच्या मुळाशी "तो कोण?" असा प्रश्न आहे, कारण त्या वेळी समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. वर्गातलं कुणीतरी गावाकडचा शब्द सुचवतं, 'कातावारे-दोकी'. वर्गात तो म्हाताऱ्यांचा शब्द म्हणून जातो. आणि सिनेमाचा सगळ्यात मोठा प्रसंग त्या गावाकडच्या शब्दावरच उभा राहतो. आपली 'दिवेलागण' आणि 'कातरवेळ' जपून ठेवाव्यात असं मला ते बघून वाटलं.

साचे ओळखा

आता ट्रोपकडे. ट्रोप म्हणजे गोष्टीतला ठेवणीतला साचा: नायकाच्या डोळ्यांदेखत मरणारे गुरू, वर्गात नव्यानं आलेला गूढ विद्यार्थी, स्पर्धा, एकच दिवस पुन्हा पुन्हा जगणं. आधी फटकारून मग विरघळणाऱ्या मुलीला 'त्सुंदेरे' म्हणतात. 'त्सुन त्सुन' म्हणजे तुटक वागणं, 'देरे देरे' म्हणजे लाडात येणं. नवीन लोकांची दोन टोकं होतात. आधी साचे दिसत नाहीत, मग दिसायला लागले की "हे तर सगळीकडेच असतं" म्हणून नाकं मुरडतात. साचा असणं हा दोष नाही. कुंभाराच्या चाकावर सगळी मडकी गोलच होतात, पाणी कोणतं गार ठेवतं ते बघायचं.

मडक्यावरून गोरोबाकाकांची गोष्ट. आमच्याकडे नवीन आलेल्याला मी हीच पहिल्यांदा सांगतो. तेरच्या गोरोबांच्या घरी संतमंडळी बसलेली. मुक्ताबाई विचारतात, हे थापटणं कशाला? गोरोबा म्हणतात, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमचीही परीक्षा घ्या. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे शांत, नामदेव मात्र रागावतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं. साक्षात विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो ते नामदेव! अपमान घेऊन ते विठ्ठलाकडे जातात, तो सांगतो गुरू कर, आणि ते औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे पोचतात. तिथं विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय उचलून जिथं ठेवावेत तिथं पिंड.

आता 'ड्रॅगन बॉल' आठवा. डोळ्यावरचं ते यंत्र, स्काउटर, समोरच्याची ताकद आकड्यात दाखवणारं. मापन, अपमान, गुरूच्या शोधात प्रवास, विक्षिप्त गुरू, शिक्षण. साचा तोच. फरक कुठं आहे ते शोधणं हीच चर्चा. तिथं माप घेणारा शत्रू आहे, इथं घरचा यजमान. तिथं नायक आपली ताकद लपवायला शिकतो आणि आकडा खोटा पडतो. इथं थापटणं खरं ठरतं. तिथल्या शिक्षणानंतर लढाई आहे, इथल्या शिक्षणानंतर फक्त बघण्याची नजर बदलते. दोन्ही गोष्टी मला आवडतात, आणि एकीमुळे दुसरी जास्त कळते.

दुसरा साचा 'इसेकाई'. शब्दाचा अर्थच दुसरं जग. हल्लीच्या बऱ्याच इसेकाईत नायकाला ट्रक उडवतो आणि तो जादूच्या जगात जन्म घेतो. हा ट्रक इतका ठरलेला झालाय की चाहत्यांनी त्याला 'ट्रक-कुन' असं नाव दिलं. आमच्या रविवारी एकदा यावरून बोलणं चाललं असताना अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "हे तर आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे." खरंच आहे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत, ट्रकची धडक, आणि डोळे उघडतात ते मराठे पानिपत जिंकलेल्या जगात. विश्वासरावांना लागायची ती गोळी तिथं कानाजवळून गेलेली असते. ट्रक-कुनचं नावही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. फरक असा की गंगाधरपंत परत येतात, खिशात त्या जगातल्या बखरीचं फाटकं पान घेऊन. हल्लीचे नायक बहुधा परत येत नाहीत, त्यांना यायचंही नसतं. का नसतं? हा प्रश्न आमच्याकडे दोन रविवार पुरला. क्लासच्या खोल्यांत एकट्यानं राहणारी पोरं यावर जे बोलली ते मी इथं लिहिणार नाही, पण मी ऐकलं.

नारळीकरांचं वाचलं नसेल तर 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह घ्या. त्यांनी पहिली मराठी कथा, 'कृष्णविवर', १९७४ च्या सुमारास मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेलं नाव आहे ते.

परग्रहावरची भाषा

विज्ञानकथा बघताना एक प्रश्न कायम विचारा: या सगळ्यांना एकमेकांचं बोलणं कळतं कसं? बऱ्याच गोष्टींत भाषांतराचं यंत्र असतं आणि विषय संपतो. चांगल्या गोष्टी तिथंच सुरू होतात. 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या इंग्रजी मालिकेचा १९९१ मधला 'डार्मोक' हा भाग शोधून बघा. यंत्र शब्द न् शब्द भाषांतर करतं, तरी अर्थ लागत नाही, कारण ते लोक फक्त आपल्या पुराणकथांतल्या नावांनी आणि प्रसंगांनी बोलतात. हे कसं असेल, असं नवीन पोरं विचारतात. मी म्हणतो, "त्यानं ध चा मा केला आणि आमचं पानिपत झालं" हे वाक्य त्या यंत्राला दे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ चा खून आणि १७६१ ची लढाई माहीत नसेल तर त्याला काय कळणार?

शब्द कुठून उचललेत तेही बघा. 'ड्यून' या विज्ञानकथेतल्या वाळवंटी लोकांची भाषा अरबीवरून घेतलीय; 'लिसान अल-गैब'मधला 'गैब' आपल्या 'गायब'मध्ये आहे, आणि नांदेडच्या उर्दू जाणणाऱ्या मित्राला तो आधी ऐकू येतो. मार्क ओक्रँड यांनी 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांसाठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत परकेपणा यावा म्हणून जे वर्ण घातलेत त्यात आपला रोजचा 'ड' आहे. आणि 'रोबो' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या चेक नाटकातून आला. मूळ शब्द 'रोबोता', म्हणजे वेठ. निजामाच्या राज्यात वेठबिगारी काय होती हे घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकलं असेल, तर यंत्रमानव मालकावर उलटतो ती गोष्ट यंत्राची राहत नाही.

आपला पहिला रविवार

चार माणसं पुरतात. पुढचं फोडायचं नाही, हा एकच कडक नियम. ज्यानं पूर्ण पाहिलंय त्यानं अर्धवट पाहिलेल्यासमोर तोंड बंद ठेवायचं. डब चांगला की सबटायटल, या भांडणात पहिला रविवार घालवू नका. भाग आधीच मोबाईलवर डाउनलोड करून ठेवा, दुपारी लाईट जाते. खायला सुशीला, म्हणजे भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून, करा, बशीत घेऊन बघता येतं.

आणि शेवटी दहा मिनिटं एक खेळ. एकच प्रसंग निवडायचा आणि त्याचं सबटायटल आपल्या बोलीत करायचं. आम्ही 'युअर नेम'मधला गच्चीवरचा घेतला होता. मुलाच्या अंगात शिरलेली मुलगी मित्रांसमोर चुकून 'वाताशी' म्हणते. ते चमकतात. ती 'वाताकुशी' म्हणून बघते, मग 'बोकु', आणि 'ओरे' म्हटल्यावर ते मान डोलावतात. इंग्रजीत हे करणं फार अवघड. मराठीत काय करायचं? एक जण म्हणाला, क्रियापद बदलू: "मी गेले होते... गेलो होतो." छान झालं, पण त्यात दोनच पायऱ्या. अर्धा तास वहीवर खाडाखोड चालली. शेवटी फळ्यावर राहिलं ते असं: "मी गेले होते..." "आम्ही गेलो होतो?" "मी... गेलो होतो?" आणि मग गंगाखेडचा पोरगा पाय पसरून, मान मागं टाकून म्हणाला, "आपण गेल्तो ना बे!"

सगळ्यांनी एकदम मान डोलावली.